सेन्सर बदलण्याआधी

कोरपना तालुक्याच्या रस्त्यांवर दोन तऱ्हेची मालवाहू वाहने सतत दिसतात. आवारपूर, उपरवाही, गडचांदूर, नारंडा इथल्या सिमेंट कारखान्यांकडे जाणारे-येणारे मोठे ट्रक ही एक तऱ्हा. दुसरी म्हणजे पिकअप. कापूस, सोयाबीन, खताची पोती, बकऱ्या, मंडपाचे सामान, बाजाराचा भाजीपाला, मिळेल ते भाडे ती मारते. मोठ्या ट्रकच्या पाठीशी ठेकेदार असतो, त्याची कार्यशाळा असते. पिकअप बहुतेक वेळा एका घराची असते, कर्जावर घेतलेली. कापसाच्या हंगामात ती दोन दिवस गॅरेजात उभी राहिली की भाडी दुसऱ्याकडे जातात, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून तिच्या इंजिनातला एखादा सेन्सर बिघडतो तेव्हा तो ओळखण्यात झालेली चूक चांगलीच महाग पडते. भाग विकत घेऊन बसवला, पैसे गेले, आणि गाडी तिसऱ्या दिवशी त्याच जागी बंद.

या भागात नेहमी भेटणारी एक तक्रार घेऊ. मे महिना, दुपारचे दोन. गाडी माल भरून निघते, तास-दीड तास नीट चालते, मग चालता चालता एकदम बंद पडते. धक्के नाहीत, धूर नाही, चावी काढून घेतल्यासारखी गप्प. सेल्फ मारला तर इंजिन फिरते, पण उठत नाही. चालक सावली शोधतो, अर्धा-पाऊण तास जातो, आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते. मिस्त्रीकडे नेईपर्यंत ती ठणठणीत असते. “भाऊ, थंड झाली का चालू होते,” एवढेच चालकाला सांगता येते. खरे तर निदानाची निम्मी माहिती या एका वाक्यात आहे, आणि मिस्त्रीने ते नीट ऐकून घ्यायला हवे.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये असा प्रकार फारसा होत नसे. तिथे पंप यांत्रिक होता. इंजिन फिरले की पंप फिरायचा आणि ठरलेल्या क्षणी नोझलमधून डिझेल फवारायचा. कुणाला विचारायची गरज नव्हती. कॉमन रेल पद्धतीने हे बदलले. मोटारींमध्ये ही पद्धत १९९७ साली आली. तिच्यात पंपाचे काम फक्त डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरून ठेवण्याचे. हा दाब १६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही वर जातो. कोणत्या सिलिंडरमध्ये, नेमके कधी, किती वेळ फवारायचे हे ईसीएम नावाची संगणकीय पेटी ठरवते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके देशभर लागू झाली, मधला पाचवा टप्पा आपण गाळला, आणि डिझेल पिकअपमध्ये सेन्सरची संख्या वाढत गेली. धूर कमी झाला, डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. हे चांगलेच झाले. पण कानाने आणि हाताने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीला आता तारेतली वीजही ओळखावी लागते.

ईसीएम स्वतः काही पाहू शकत नाही. पिस्टन कुठे आहे हे तिला क्रँक सेन्सर सांगतो. फ्लायव्हीलजवळ किंवा क्रँकच्या पुलीजवळ एक दातेरी चाक असते. पुष्कळ इंजिनांत त्यावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे प्रत्येक दाता सहा अंशांचा, आणि गाळलेली जागा ही मोजणीची सुरुवात. या दात्यांपासून सुमारे एक मिलिमीटरवर सेन्सरचे तोंड असते. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. दाता समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१ साली लंडनमध्ये हाच नियम शोधला होता. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेन्सरसमोरून सेकंदाला जवळजवळ तीन हजार दाते जातात. हा ठोका थांबला की पिस्टन कुठे आहे हे ईसीएमला कळत नाही आणि ती इंजेक्टर बंद करते. आपल्या पिकअपचे इंजिन चावी काढल्यासारखे गप्प होते ते यामुळे.

मग थंड झाल्यावर चालू का होते? कॉइलची तार एखाद्या जागी चिरलेली असते. थंड असताना चिरेची दोन टोके टेकलेली राहतात. इंजिनच्या उष्णतेने आवरणाचे प्लॅस्टिक आणि तांबे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, टोके सुटतात, वीज तुटते. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जाणे नवे नाही, आणि बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या शेजारी, त्याच्या दुप्पट तापमान सहज असते. जानेवारीत वर्षभर तग धरेल असे वाटणारा सेन्सर मेमध्ये उघडा पडतो.

हे अजून अनुमानच आहे. याच तक्रारीची दुसरी कारणेही असतात. तापल्यावर डिझेल पातळ होते आणि झिजलेला पंप किंवा गळके इंजेक्टर रेलमध्ये दाब उभा करू शकत नाहीत. एखादा रिले गरम झाला की सुटतो. तेव्हा पहिला प्रश्न असा: गाडी बंद पडलेली असताना, तिथेच रस्त्याच्या कडेला, सेल्फ मारल्यावर आर.पी.एम. दिसतात का? स्कॅनर जवळ असेल तर त्यात चालू आकडे पाहावेत. सेल्फवर डिझेल इंजिन मिनिटाला साधारण दोनशे-अडीचशे फेरे घेते. स्टार्टर इंजिन फिरवतो आहे आणि स्क्रीनवर शून्य आहे, तर ठोका ईसीएमपर्यंत पोचत नाही. फेरे दिसतात पण रेलचा दाब चढत नाही, तर डिझेलच्या बाजूला जावे आणि सेन्सरचा विषय सोडून द्यावा. स्कॅनर नसेल तर डॅशबोर्डवरचा काटा पाहावा. पुष्कळ गाड्यांत सेल्फ मारताना तो थोडा उचलला जातो. चालकाला एवढे एकच पाहायला शिकवले तरी मिस्त्रीचे अर्धे काम होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी खूण ओल्या फडक्याची. बंद पडलेल्या गाडीत सेन्सरपर्यंत हात पोचत असेल तर त्यावर ओले फडके दोन-चार मिनिटे धरावे, फक्त सेन्सरवर. तापलेल्या इंजिनावर बादलीभर पाणी ओतू नये, बीड तडकते. फडक्यानंतर गाडी लगेच उठली तर संशय पक्का होत जातो.

आता स्कॅनरच्या कोडबद्दल. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना एकसारखे सोळा पिनांचे निदानाचे सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. तीच रीत पुढे जगभर पसरली. ते सॉकेट आपल्या पिकअपमध्ये स्टिअरिंगखाली असते. त्यात स्कॅनर लावला की पी०३३५ असा कोड येतो आणि बहुतेक वेळा तिथेच निकाल दिला जातो: क्रँक सेन्सर गेला, नवा टाका. कोडचे खरे म्हणणे एवढेच असते की क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून अपेक्षित संदेश आला नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याचा कपलर आहे, दोन-अडीच मीटर तार आहे, ईसीएमचा कपलर आहे, अर्थिंग आहे. यांपैकी कुठेही खोट असली तरी कोड तोच. माझे ठाम मत आहे की या भागात सेन्सरच्या आधी तारेवर संशय घ्यावा. सिमेंटची धूळ कपलरमध्ये शिरते आणि पावसाळ्यात ओली होऊन पिनांवर बसते. काळ्या मातीचा चिखल हार्नेसच्या क्लिपा ओढून तोडतो आणि सुटलेली तार स्टार्टरवर किंवा एक्झॉस्टवर जाऊन घासते. कापसाच्या ढिगाऱ्याजवळ किंवा गोठ्याजवळ रात्रभर उभी राहिलेली गाडी उंदरांना आयतीच मिळते. ती तार कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते.

म्हणून मल्टिमीटर. चारचौघांच्या गॅरेजात तो असतो, पण बॅटरी तपासण्यापलीकडे फार वापरला जात नाही. क्रम असा ठेवावा. आधी बॅटरी: सेल्फ मारताना व्होल्ट साडेनऊच्या खाली जात असतील तर पुढचे कोणतेच मोजमाप विश्वासाचे नाही. मग चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढावा आणि आत डोळे घालून पाहावे. हिरवट पिना, मागे सरकलेली पिन, तुटलेले कुलूप, आत मुरलेले ऑइल, हे नुसत्या बॅटरीच्या उजेडातही दिसते. त्यानंतर सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. कॉइलवाल्या सेन्सरमध्ये तो काही शे ते सुमारे हजार ओहम असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. आणि प्रत्येक पिन ते सेन्सरचे धातूचे अंग यांच्यात काहीच जोड दिसायला नको.

इथे एक गोष्ट फार मोलाची आहे. तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. ३० अंशांना ८६० ओहम दाखवणारी चांगली कॉइल १०० अंशांना अकराशेच्या आसपास दाखवेल. ही वाढ बघून सेन्सर फेकू नये. ती निरोगीपणाची खूण आहे. सेन्सर काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, कडकडीत गरम पाण्यात धरावा आणि मीटरकडे पाहत राहावे. चांगल्या कॉइलचा आकडा संथपणे चढत जातो. चिरलेल्या कॉइलचा आकडा थोडा चढतो, थरथरतो आणि मग एकदम मीटरवर ‘ओएल’ दिसते, म्हणजे तार तुटली. पाण्यातून काढून दोन मिनिटे वाऱ्यावर धरला की आकडा परत येतो. रस्त्यावर अर्धा तास उभी राहून पुन्हा चालू होणाऱ्या गाडीचे सगळे वागणे त्या छोट्या पडद्यावर डोळ्यांसमोर घडते. हे एकदा पाहिलेला मिस्त्री पुन्हा अंदाजाने सेन्सर बदलणार नाही, असे मला वाटते. चालकालाही तो प्रयोग दाखवावा. आपले पैसे कशासाठी जात आहेत हे त्याला कळते.

काही गाड्यांत क्रँक सेन्सर तीन तारांचा, हॉल जातीचा असतो. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो आणि त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्यावर ओहम मोजू नये. आकडा फसवा येतो आणि सर्किटला इजा होऊ शकते. तिथे कपलरवर विद्युतपुरवठा येतो का, अर्थिंग पक्के आहे का, आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवताना संदेशाच्या तारेवर व्होल्ट वर-खाली होतात का, हे तीन प्रश्न विचारावेत.

सेन्सर चांगला निघाला तर तार. सेन्सरच्या कपलरपासून ईसीएमच्या कपलरपर्यंत प्रत्येक तारेचा रोध एक ओहमच्या आत हवा, आणि मीटर लावलेला असतानाच हार्नेस जागोजाग हलवून, वाकवून पाहावा. आकडा जिथे उडी मारतो तिथली टेप उकलावी. तुटलेली तार नुसती पिळून टेप गुंडाळणे हा या भागातला नेहमीचा उपाय, आणि पुढच्या पावसाळ्याचा बिघाड. झाळून, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवून, क्लिप पुन्हा जागेवर लावली तर ती दुरुस्ती टिकते.

बाकीच्या सेन्सरांपैकी कुलंटच्या तापमानाचा सेन्सर तपासायला सर्वांत सोपा. चांदीच्या सल्फाइडचा रोध तापवल्यावर कमी होतो हे फॅरडेनेच १८३३ साली नोंदवले होते, आणि या सेन्सरमधला मणी तसाच वागतो. साधारण २० अंशांना अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. दोन तारांच्या या सेन्सरचा कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास आकडा यायला हवा, आणि कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की तो शंभराच्या बराच वर जायला हवा. दोन्ही झाले तर तार आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदलावा. दोन मिनिटांचे काम आहे. तीन तारांच्या सेन्सरवर मात्र अशी जोडाजोड करू नये.

दाबाचे सेन्सर वेगळ्या तत्त्वावर चालतात. बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ याने १९५४ साली दाखवले की सिलिकॉन आणि जर्मेनियम ताणले किंवा दाबले की त्यांचा रोध लक्षणीय बदलतो; टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर त्यावरच उभा आहे. त्याची तपासणी कोरपन्यात बसून सुंदर होते. चावी चालू, इंजिन बंद. या वेळी तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवत असतो. कोरपना समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा ऋतूनुसार ९७ ते ९९ किलोपास्कल दिसायला हवेत, आणि तीच गाडी माणिकगडच्या डोंगररांगेत जिवतीला चढवली की आकडा थोडा उतरायला हवा. तो ८५ किंवा ११० दाखवत असेल तर सेन्सर खोटे बोलतो. पण आकडा बरोबर आहे आणि पी०२९९ येतो, म्हणजे चढावर टर्बोचा दाब कमी पडतो, तर सेन्सरने खरेच सांगितले आहे. फाटलेली रबरी नळी, सुटलेला क्लॅम्प, धुळीने भरलेला एअर फिल्टर शोधावा. नारंडा-आवारपूर पट्ट्यात चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरांची वाट पाहत नाही.

आणि एकदम तीन-चार सेन्सरांचे कोड आले तर? ते सगळे एका दिवशी मरत नाहीत. बऱ्याच सेन्सरांना ईसीएम एकाच सामायिक तारेवरून पाच व्होल्ट पुरवते. एखादा आतून शॉर्ट झाला की तो पुरवठा खाली ओढतो आणि शेजारी उगाच बदनाम होतात, जसा एका घरातल्या गळक्या नळाने साऱ्या आळीचे पाणी बारीक व्हावे. त्या तारेवर मीटर लावून एकेक कपलर काढत जावे. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तो दोषी. सगळे काढूनही येत नसतील तर तार कुठेतरी बॉडीला लागली आहे.

एवढे झाल्यावर मग बदलणे, आणि ते काम निदानापेक्षा सोपे आहे. इंजिन थंड होऊ द्यावे. चावी बंद करून काही मिनिटे थांबावे, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. क्रँक सेन्सर बहुधा दहाच्या पान्याच्या एका बोल्टवर असतो, पण वर्षानुवर्षांच्या चिखल-ऑइलने जागेवर बसलेला. कपलरचे कुलूप आधी सोडवावे, तार धरून ओढू नये. सेन्सर हातोडीने ठोकून काढायचा मोह टाळावा; गंज सोडवणारे तेल मारून, डावी-उजवीकडे हलवत तो सुटतो. आत उरलेला तुकडा काढण्यात अख्खा दिवस जातो. भोक पुसून घ्यावे, जुन्याच्या तोंडावर चिकटलेला लोखंडाचा चुरा पाहून घ्यावा. चुरा फार असेल तर तेवढ्यानेही संदेश बिघडलेला असू शकतो. नव्या सेन्सरवरचा क्रमांक जुन्याशी ताडून पाहावा. दिसायला सारखा पण दोन मिलिमीटर लांब निघालेला सेन्सर दात्यांना घासून पहिल्याच सेल्फला तुटतो. ओ-रिंगला तेलाचा हात लावून तो सरळ दाबावा, बोल्ट हलकाच आवळावा. कुलंटचा सेन्सर असेल तर गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि बदलल्यावर कुलंट भरून आतली हवा काढावी.

एका सेन्सरबाबत मात्र धाडस करू नये. रेलच्या दाबाचा सेन्सर थेट उच्च दाबाच्या डिझेलवर बसलेला असतो. चालू इंजिनावर त्या बाजूची कोणतीही नळी किंवा नट सैल करणे जिवावर बेतू शकते. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस सडू लागते. असे झाले तर मलम न लावता थेट चंद्रपूरच्या मोठ्या रुग्णालयात शल्यचिकित्सकाकडे न्यावे आणि डिझेल आत गेले आहे हे स्पष्ट सांगावे. हे काम त्याची साधने असलेल्या कार्यशाळेवर सोपवलेले बरे.

नवा सेन्सर बसल्यावर कोड पुसावा आणि गाडी लगेच ताब्यात देऊ नये. गॅरेजच्या दारात दहा मिनिटे चालवून काही कळत नाही, कारण बिघाड तापल्यावरचा होता. माल भरून, दुपारच्या उन्हात, गडचांदूरहून जिवतीच्या घाटात चढवून आणावी. वर पोचल्यावर इंजिन बंद करून पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. बंद केल्यावर पंखा आणि कुलंटचा प्रवाह थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, सेन्सरची खरी कसोटी तिथे लागते. मग सेल्फ मारावा. इंजिन उठले तर स्कॅनर लावून दिवा न लावता आत नोंदलेला, प्रतीक्षेतला कोड आहे का ते पाहावे. काही नसेल तर गाडी भाड्याला मोकळी. पी०३३५ पुन्हा दिसला, तर आता सेन्सर आणि तार दोन्ही तपासून झालेली आहेत. गिअरबॉक्स उतरवून त्या दातेरी चाकाचा एखादा दाता वाकला किंवा तुटला आहे का ते पाहावे लागेल.